करी, कालवण आणि कोरड्यास : घरच्या चुलीपासून हॉटेलच्या मेजापर्यंतचा इतिहास

प्रस्तावना

खाद्यपदार्थांचा इतिहास हा आपल्याकडे दीर्घकाळ इतिहासलेखनाचा विषय मानला गेला नाही. राज्ये, लढाया, तह आणि महसूल यांच्या नोंदी झाल्या. मात्र राज्य चालविणाऱ्याने आणि शेत नांगरणाऱ्याने भाकरी कशाशी खाल्ली, हा प्रश्न गौण ठरला. आज 'करी' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु ज्या समाजात हा पदार्थ रोज शिजतो, त्या समाजाने त्याला कोणती नावे दिली आणि ती नावे कशी मागे पडली, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात लोणी काळभोर व पुणे परिसर दृष्टीसमोर ठेवून या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील हे गाव संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे ठिकाण आहे. तसेच शिक्षणसंस्थांमुळे देशाच्या विविध भागांतून आलेल्या विद्यार्थ्यांचेही गाव आहे. घरचे कालवण आणि हॉटेलची करी येथे एकाच रस्त्यावर भेटतात.

'करी' शब्दाचा प्रवास

'करी' हा शब्द तमिळमधील 'करि' या शब्दावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. युरोपीय वाचकांना या पदार्थाची ओळख होण्यात गोव्याचा मोठा वाटा आहे. डच प्रवासी लिन्शोटेन हा १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या सेवेत होता. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने भातावर ओतल्या जाणाऱ्या माशाच्या आंबटसर रसाचे वर्णन केले असून त्याला 'कार्रिएल' असे नाव दिले आहे. कोकण-गोव्यातील आंबट घातलेली माशाची आमटी ज्यांना परिचित आहे, त्यांना हे वर्णन ओळखणे कठीण नाही.

इंग्लंडमध्ये हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाककृतिग्रंथात करीची कृती छापली गेली. १८१० मध्ये शेख दीन मुहम्मद यांनी लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' सुरू केले. परंतु १८१२ मध्ये त्यांना दिवाळखोरी पत्करावी लागली. विसाव्या शतकात, विशेषतः सिल्हेटहून गेलेल्या लोकांच्या श्रमातून, ब्रिटनमधील 'करी हाउस' उभी राहिली. या प्रवासात एक महत्त्वाचा बदल घडला. आमटी, सांबार, कोर्मा, हुमण, रस्सा अशा परस्परांहून भिन्न पदार्थांसाठी एकच नाव रूढ झाले. ते नाव बाहेरच्या खाणाऱ्याच्या सोयीचे होते. शिजविणाऱ्याच्या ज्ञानातून ते आलेले नव्हते.

मराठी नावांमागील विचार

मराठीतील नावे वेगळ्या तत्त्वावर उभी आहेत. 'कालवण' हा शब्द 'कालवणे' या क्रियापदापासून आला आहे. ज्यात भात वा भाकरी कालवावयाची ते कालवण. 'कोरड्यास' हा पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण बोलीतील शब्द तर अधिकच बोलका आहे : कोरड्या भाकरीला जे लागते ते कोरड्यास. 'तोंडीलावणे' हाही त्याच कुळातील शब्द होय. या तिन्ही शब्दांत मसाल्याचा, रंगाचा किंवा मांसाचा उल्लेख नाही. भाकरी किंवा भात हे मुख्य अन्न आणि त्याला ओलावा देणारे ते कालवण, हा संबंध त्यात व्यक्त होतो. ज्वारी-बाजरीच्या प्रदेशात धान्य हेच अन्नाचे केंद्र होते. कालवण पातळ करून ते सर्वांना पुरविणे ही गृहिणीची रोजची कसोटी होती. भाजलेल्या धान्याचा व मसाल्याचा येसूर लावून रस दाट करण्याची पद्धत याच गरजेतून आलेली दिसते. हॉटेलच्या यादीत मात्र हा क्रम उलटा होतो. तेथे करी मुख्य ठरते आणि रोटी वा भात तिच्यासोबत मागविला जातो.

ग्रंथांतील स्वयंपाकघर

दख्खनमधील पाकविद्येची लिखित परंपरा प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात 'अन्नभोग' हे स्वतंत्र प्रकरण आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. तंजावरच्या भोसले दरबाराशी संबंधित असलेल्या या ग्रंथाच्या कालनिर्णयाचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील प. कृ. गोडे यांनी केले. मुद्रणकलेच्या आगमनानंतर रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मध्ये आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. विशेषतः 'रुचिरा'ने माहेरापासून दूर संसार थाटणाऱ्या अनेक तरुण स्त्रियांना आधार दिला.

या ग्रंथांचे मोल मान्य करूनही त्यांची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. राजाचे मुदपाकखाने आणि पुढे शहरी, साक्षर, बहुधा उच्चवर्णीय कुटुंबे यांचेच स्वयंपाकघर त्यांत प्रामुख्याने आले. ज्या घरांत तेल थेंबाने मोजले जात होते, तेथील कालवणाची नोंद त्यांत क्वचितच सापडते. ही उणीव किती मोठी होती, हे शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने दाखवून दिले. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या आहाराची अशी सविस्तर नोंद मराठीत पुस्तकरूपाने येण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले, ही बाब अभ्यासकांना अंतर्मुख करणारी आहे.

खानावळ, हॉटेल आणि पंगतीचा प्रश्न

घराबाहेर जेवणे ही आज केवळ आवडीची आणि ऐपतीची बाब वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो धर्माचा आणि जातीचा प्रश्न होता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मान्यवरांवर बहिष्काराचे संकट ओढवले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे चालला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. एका बाजूला चहाचा पेला सामाजिक भिंत उघडी पाडतो, तर दुसऱ्या बाजूला तोच पेला ती भिंत ओलांडण्याचे साधन बनतो. हॉटेलातील कोणत्याही मेजावर कोणीही बसू शकतो, या आज सहज वाटणाऱ्या गोष्टीमागे हा संघर्ष आहे.

मुंबईत कापड गिरण्यांच्या वाढीबरोबर खानावळी वाढल्या. कोकण व घाटावरून एकटे आलेल्या कामगारांना गावाकडचे कालवण पुरविणाऱ्या या खानावळी मुख्यतः स्त्रियांच्या श्रमावर चालत. या स्त्रियांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांबरोबर तंदूर आणि टोमॅटोची दाट ग्रेव्ही देशभर पसरली. महामार्गावरील धाब्यांनी ती गावोगाव पोचविली. त्याच सोलापूर रस्त्यावर उजनी धरणाच्या (१९८०) जलाशयामुळे भिगवणची मासळी प्रसिद्धीस आली. म्हणजे एका धरणाने एका नव्या रश्श्याला जन्म दिला.

थाई करी : एक तुलना

पुणे-मुंबईच्या खवय्यांना थाई जेवणाची ओळख प्रामुख्याने १९९० च्या दशकात झाली. मुंबईत १९९३ मध्ये 'थाई पॅव्हिलियन' आणि पुण्यात कोरेगाव पार्क येथे १९९७ मध्ये आग्नेय आशियाई पदार्थांचे 'मलाका स्पाइस' सुरू झाले. थाई भाषेतही 'करी' हे मूळ नाव नाही. तेथील शब्द 'गेंग'. मसाल्याचे वाटण उखळीत कुटून, नारळाच्या दाट दुधाला तेल सुटेपर्यंत त्यात ते परतावयाचे आणि मग पातळ दूध घालावयाचे, ही तेथील अनेक गेंगची रीत आहे. आपल्याकडील गृहिणी वाटण 'तेल सुटेपर्यंत' परतते, तेव्हा ती हीच कसोटी वापरते. गवती चहा आपल्या परसातही असतो. कोकणातील जवळा आणि थाई कोळंबीचे आंबवलेले वाटण यांचे कार्यही जवळचे आहे.

भाषेतील साम्य त्याहून लक्षणीय आहे. पोर्तुगीजांच्या व्यापारातून अमेरिकेतील मिरची सोळाव्या शतकात आशियात पसरली, तेव्हा मराठीने जुन्या मिऱ्याच्या नावावरून तिला 'मिरची' म्हटले. थाई भाषेनेही मिऱ्याचे 'प्रिक' हे नाव मिरचीला दिले आणि जुने मिरे 'प्रिक थाई', म्हणजे थाई मिरे, झाले. परकी वस्तू आपल्या शब्दात सामावून घेण्याची ही रीत दोन्ही समाजांत दिसते. त्यामुळे करी परकी की देशी, हा वाद फारसा फलदायी ठरत नाही. वाटण कोणी केले आणि त्याला नाव कोणी दिले, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

चांगले हॉटेल ओळखण्याची कसोटीही येथेच सापडते. जेथे लाल, पांढरी व पिवळी अशा दोन-तीन तयार ग्रेव्हींतून संपूर्ण यादी सिद्ध होते, तेथे पदार्थ बदलतो पण चव बदलत नाही. जेथे प्रत्येक रश्श्याचे वाटण स्वतंत्र असते, ते हॉटेल लहान असले तरी घराच्या जवळचे असते.

चुलीचे स्थलांतर

घरच्या स्वयंपाकातही मोठे परिवर्तन झाले. १९१० मध्ये मुंबईत बेडेकर आणि १९६२ मध्ये पुण्यात प्रवीण मसालेवाले यांनी व्यवसाय सुरू केला. १९६० च्या दशकापासून मिक्सर घरोघरी येऊ लागला. पाटा-वरवंट्यावरील तासाभराचे काम काही मिनिटांवर आले. गॅसने धूर घालविला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तो ग्रामीण भागात अधिक दूरवर पोचला. हा बदल स्त्रियांच्या आरोग्याच्या व वेळेच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. मात्र चूल घरातून निघाली आणि महामार्गावरील हॉटेलांच्या फलकांवर 'चुलीवरचे मटण' म्हणून परतली. जो धूर आजीच्या डोळ्यांत गेला, तो आता चवीचे प्रमाणपत्र झाला आहे. फलकावर 'गावरान' हा शब्द आहे, 'कोरड्यास' नाही. गावाचे आकर्षण विकले जाते; गावाची भाषा आणि गावच्या स्त्रीचे ज्ञान मात्र नावाविना राहते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, 'करी' हे बाहेरून दिलेले संग्राहक नाव असून मराठीतील कालवण, कोरड्यास ही नावे धान्यकेंद्री आहारपद्धतीची साक्ष देतात. दोन, हॉटेलचा इतिहास हा केवळ चवीचा नसून एकत्र बसून जेवण्याच्या हक्काचाही इतिहास आहे. तीन, छापील पाकग्रंथांवर विसंबून लिहिलेला खाद्येतिहास समाजाच्या मोठ्या भागाला वगळतो.

यावर उपाय आपल्या हाती आहे. पालखी दरवर्षी लोणी काळभोरला मुक्कामी येते. दिंड्यांसाठी शेकडो माणसांचे कालवण शिजविणाऱ्या वृद्ध स्त्री-पुरुषांकडे प्रमाण, क्रम आणि नावे यांचे ज्ञान आहे; ते कोणत्याही पुस्तकात नाही. इतिहास, मराठी व गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन पदवीच्या विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरातील व वस्तीतील कालवणांची, सर्व जातिसमूहांचा समावेश करून, नोंद करवून घ्यावी. प्रत्येक नोंदीत सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने यावे. यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. एक वही आणि ऐकण्याची तयारी पुरेशी आहे. ज्यांना वाटणाचे प्रमाण हाताच्या अंदाजाने ठाऊक आहे, ती पिढी आज वृद्ध आहे. तिच्यासोबत हे ज्ञान गेले तर पुढील अभ्यासकांच्या हाती हॉटेलची मेनूकार्डे तेवढी राहतील आणि त्यांवर सर्व कालवणांचे नाव 'करी' असेच असेल.