खेळाच्या मागे मागे

घोडपदेवच्या आमच्या बालवाडीत काही वर्षांपूर्वी एक मुलगा होता. रोज लाकडी ठोकळ्यांची आगगाडी करी आणि रोज एकाच जागी ती पाडी. मी एकदा विचारले, "का रे बाळा पाडलीस?" दुसऱ्या दिवसापासून त्याने ठोकळ्यांना हात लावला नाही. प्रश्न विचारणे हा तर शिक्षिकेचा धंदाच. पण त्या प्रश्नाची टोचणी मनाला लागून राहिली. तिच्यापायी मी, दहावीपर्यंतच शिकलेली बाई, या विषयाचा इतिहास वाचू लागले. आणि तो सापडला आमच्या शेजारीच!

घोडपदेवहून चालत जाता येईल अशा नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशर्ट हे अमेरिकन मिशनरी 'नेबरहूड हाऊस' चालवीत. तेथेच १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. १९४४ पासून ते टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. या विद्यालयाने १९३७ साली हिंदुस्थानातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले. हट्टी, अबोल वा चोरी करणारे मूल म्हणजे छडीचे गिऱ्हाईक, असे मानण्याचा तो काळ. अशा मुलाचे मन आणि घर समजून घ्यावे, हा विचार गिरणगावाच्या उंबऱ्याशी तेव्हा आला.

तिकडे युरोपात मेलनी क्लाइनबाई १९२० नंतरच्या दशकात चिमुकल्या खेळण्यांतून मुलांचे मन वाचू पाहत होत्या. ॲना फ्रॉइड यांना ती रीत मान्य नव्हती. मुलाशी आधी स्नेह जुळला पाहिजे, असे त्या म्हणत. तरी अर्थ लावणार मोठे माणूसच! कार्ल रॉजर्स यांच्या विचारात घडलेल्या व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ च्या 'प्ले थेरपी' या ग्रंथात हा क्रमच उलटा केला. वाट मुलाने दाखवायची, मोठ्याने मागून चालायचे; घाई करायची नाही.

म्हणूनच या उपचाराचे शिक्षण म्हणजे बरेचसे विसरणे होय. शिकाऊ समुपदेशकाने प्रश्न गिळायचा, शाबासकीही आवरायची, मुलाच्या कृतीतली भावना तेवढी शब्दांत परत द्यायची: "गाडी पडली. फार राग आलाय." मारामारी वा मोडतोड मात्र चालू द्यायची नाही, आणि वेळ संपली की संपली. मग स्वतः घेतलेल्या तासाची जाणत्यापुढे उजळणी करायची: आपण कोठे मध्ये बोललो, कोठे घाई केली?

मी काही समुपदेशक नव्हे. पण ठोकळे मांडणाऱ्या मुलाजवळ आता मी जमिनीवर बसते आणि तोंड मिटून ठेवते. ही विद्या अजून कच्चीच आहे. तो मुलगा पुढच्या जूनमध्ये आला नाही. त्याचे बिऱ्हाड गावी गेले होते. त्याची आगगाडी रोज तेथेच का पडे, हे मला कधीच कळले नाही.