नातू, वैदेही

मानवी मेंदू चेहरे कसे ओळखतो आणि बालपणापासून प्रौढपणापर्यंत ही क्षमता कशी घडत जाते, यावर एमआरआयच्या साहाय्याने संशोधन करणाऱ्या मेंदूशास्त्रज्ञ. स्टॅनफर्ड विद्यापीठात कलानित ग्रिल-स्पेक्टर यांच्या प्रयोगशाळेतील त्यांचे काम विशेष महत्त्वाचे मानले जाते.

पार्श्वभूमी : आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी विश्रांतवाडीवरून पुण्यात येते, तेव्हा सारख्या टोप्या आणि सारख्या गंधांच्या गर्दीतही वारकरी आपल्या दिंडीतला माणूस लांबून हेरतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते तितके साधत नाही. नवजात अर्भकाची नजर चेहऱ्यासारख्या आकृतीकडे वळते. पण अनोळखी चेहऱ्यांतले बारीक फरक टिपण्याचे कसब पुढे अनेक वर्षे वाढत राहते. मेंदूच्या तळाशी, फ्युसिफॉर्म नावाच्या वळीत, चेहऱ्यांना खास प्रतिसाद देणारा भाग असतो. नॅन्सी कॅनविशर व सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन १९९७ मध्ये केले.

सुरुवातीचे काम : डॅलस येथील टेक्सस विद्यापीठात ॲलिस ओटूल यांच्याबरोबर. चेहरा वेगळ्या कोनातून दिसला तरी मेंदूत त्याची ओळख कशी टिकते, परिचित आणि अपरिचित चेहऱ्यांवरील प्रक्रियेत काय फरक असतो, स्ववंशीय व परवंशीय चेहऱ्यांना मेंदूचा प्रतिसाद कसा वेगळा असतो, हे विषय.

चेहऱ्यांतील फरक आणि वय : नातू यांच्या २०१६ च्या अभ्यासात ५ ते १२ वर्षांची मुले व प्रौढ यांना क्रमाक्रमाने अधिकाधिक वेगळे होत जाणारे चेहरे दाखवले. एकसारखे चेहरे पुन्हा पुन्हा दिसले की मेंदूचा प्रतिसाद मंदावतो, वेगळे दिसले की तो टिकतो. या गुणधर्मावर ही मोजणी उभी आहे. चेहऱ्यांना वाहिलेल्या भागांत ओळखीबाबतची संवेदनक्षमता वयाबरोबर वाढलेली आढळली. वस्तूंना प्रतिसाद देणाऱ्या भागांत तशी वाढ दिसली नाही. ज्यांच्या मेंदूत ही संवेदनक्षमता अधिक, त्यांना चेहऱ्यांतले फरकही अधिक नीट कळत होते.

बाह्यकाचे ‘पातळ होणे’ : नातू यांच्या कामातील हा सर्वांत मोलाचा भाग. वाढत्या वयात मेंदूचे बाह्यक, म्हणजे त्याचा बाहेरचा करडा थर, पातळ होते, असे एमआरआयवर दिसते. अनावश्यक चेताजोडण्या छाटल्या जातात म्हणून तसे होते, हे स्पष्टीकरण दीर्घकाळ प्रचलित होते. संशोधक जेसी गोमेझ यांच्या २०१७ च्या अभ्यासाने त्याला धक्का दिला. नातू त्याच्या सहलेखिका होत्या. २२ मुले आणि २५ प्रौढ यांच्या तुलनेत चेहरा ओळखणाऱ्या भागातील ऊती वयाबरोबर दाट झालेली दिसली, आणि तिचा संबंध चेहरे ओळखण्याच्या कौशल्याशी जुळला. स्थळे ओळखणाऱ्या शेजारच्या भागात हा बदल आढळला नाही.

२०१९ मध्ये नातू यांनी पुढचा प्रश्न घेतला : ऊती वाढत असेल, तर थर पातळ का दिसतो? चेतातंतूंभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते. बाह्यकाच्या खोल थरांत ते वाढले की एमआरआयच्या चित्रात ते थर खालच्या पांढऱ्या द्रव्यासारखे दिसू लागतात. करडे व पांढरे यांची सीमारेषा वर सरकते आणि करडा थर पातळ झाल्याचा भास होतो. चेहरे आणि अक्षरे ओळखणाऱ्या भागांत हे पातळपण मायलिन-वाढीशी निगडित आढळले. स्थळांच्या भागात मात्र त्याचा संबंध बाह्यकाच्या आकारातील बदलांशी होता. याचा अर्थ छाटणी होतच नाही असा नव्हे. पण जाडीच्या आकड्यावरून थेट ‘ऱ्हास’ वाचण्याची सवय यामुळे सोडावी लागते. मुलांच्या मेंदूचे आलेख वाचणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवायला हवे.

अर्भकांचा अभ्यास : २०२१. जन्मापासून सहा महिन्यांपर्यंत बाह्यकातील ऊती झपाट्याने वाढते. दृष्टीच्या उच्चस्तरीय भागांतील ऊती जन्मतः प्राथमिक भागांपेक्षा कमी परिपक्व असते, पण तिची वाढ अधिक वेगाने होते.

मतभेद : चेहरा ओळखण्याची क्षमताच उशिरापर्यंत विकसित होते, की लक्ष व स्मरण सुधारल्याने तसे दिसते, यावर एकमत नाही.

भारतातील संबंधित काम : पवन सिन्हा यांचा ‘प्रकाश’ प्रकल्प, शस्त्रक्रियेनंतर दृष्टी लाभलेल्या जन्मांध मुलांचा अभ्यास.