गंजिफा: पेटी राहिली, डाव गेला

सावंतवाडीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला वर्गमित्रांचे दोन प्रकारचे फोन येतात. एक, "आंबे कधी पाठवतोस?" आणि दुसरा, "अरे, ते गोल पत्ते कुठे मिळतील? साहेबांना भेट द्यायचेत." आंब्यांचे मी बघतो. दुसऱ्या प्रश्नाला दुकानाचा पत्ता सांगून माझे समाधान होत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या पत्त्यांची थोडी हकीकत सांगतो.

गंजिफा मूळचा आपला नाही, तो इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफ्याचे वर्णन केले आहे. पुढे रूढ झाला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली गंजिफा. त्याचे रंग म्हणजे बादशहाचा कारभारच: ताज, शमशेर, गुलाम, सोन्याचे नाणे, चांदीचे नाणे आणि 'बरात', म्हणजे रक्कम देण्याची सरकारी चिठ्ठी. पेशवाईच्या कागदांत भेटणारी 'वरात' ती हीच.

हा खेळ दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे पसरला तेव्हा लोकांनी त्याचा सांगाडा तसाच ठेवला आणि आत आपले देव बसवले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२०. राणी नाही. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, कूर्माच्या सत्तीवर सात कासवे, परशुरामाच्या तिर्रीवर तीन परशू. अक्षर न येणाऱ्यालाही पान ओळखता यावे. दशावतारी गंजिफा ओडिशात आहे, बंगालमधल्या बिष्णुपूरला आहे आणि आपल्या सावंतवाडीतही आहे. इथे तो खेम सावंतांच्या दरबारात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांनी आणला असे सांगतात. धर्मशास्त्राच्या चर्चेला आलेली मंडळी फावल्या वेळात पत्ते कुटत होती, हे आपल्या सरांना पटणार नाही, पण परंपरा तसे सांगते!

खेळ साधा नाही. यात हुकूम नसतो. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या अर्ध्या रंगांत नेमके उलटे, एक्का मोठा आणि दश्शी लहान. गेलेले प्रत्येक पान लक्षात ठेवावे लागते. पहिली उतारी कोणी करायची याचाही नियम आहे. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हातात राम त्याची उतारी, रात्री असेल तर कृष्णवाल्याची.

आमच्याकडे ही पाने चितारी मंडळींनी केली. चितारआळीचे नाव त्यांच्यावरूनच पडले. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, त्यावर लेप देऊन दगडाने घोटत, गोल कापून रंगवत आणि वर लाखेचा हात देत. 'दरबारी' पेटी नाजूक कामाची आणि महाग, तर 'बाजारी' पेटी साधी आणि स्वस्त. या दुसऱ्या नावातच इतिहास आहे. बाजारात पेटी खपत होती, म्हणजे वाड्याबाहेरची माणसेही ओटीवर बसून हा डाव खेळत होती.

मग विलायती छापील पत्ते आले. ५२ पाने, खिशात मावणारी, फाटली तर नवी घ्यावीत इतकी स्वस्त. हाताने रंगवलेली १२० पाने त्यांच्यापुढे टिकणे अवघड होते. १९७० च्या सुमारास सावंतवाडीत ही कला जाणणारे फारच थोडे उरले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी यांच्यासारख्या जुन्या कलावंताकडून ती समजून घेतली, राजवाड्यातच कलाकार बसवले आणि काम पुन्हा सुरू केले. आज दरबार हॉलमध्ये आपल्याला पाने रंगवणारे हात दिसतात, ते या दोघांमुळे. मुंबईत स्थायिक झालेले जर्मन कलासमीक्षक रूडी व्हॉन लेडन यांनी गावोगावचे गंजिफे जमवले, त्यांचा अभ्यास केला. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या गंजिफ्यांवर त्यांचे पुस्तक निघाले.

म्हणजे वस्तू वाचली. पण मी राजवाड्यात गेलो की पेटी घेणाऱ्यांना सहज विचारतो, "खेळता का?" बहुतेक जण हसतात. पेटी शोकेससाठी असते. चार पाने फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची असतात. यात गैर काही नाही, त्यावर कलाकाराचे घर चालते. तरी मला वाटते, पाने वाचवण्याचे काम त्या राजा-राणीने आणि चिताऱ्यांनी केले, डाव वाचवण्याचे मात्र आपल्यावर होते आणि ते राहून गेले. नियम विसरले की एक्का दश्शीपेक्षा मोठा का, हे कोणाला सांगता येत नाही. मग उरते ते फक्त सुंदर चित्र.

आमच्या नात्यातल्या एका घरी माळ्यावर जुनी पेटी निघाली, पुरी १२० पानांची. घराच्या वाटण्या चालू होत्या. तिघा भावांनी भांडण नको म्हणून चाळीस-चाळीस पाने घेतली. तिघांत डाव मांडला तर पाने अशीच वाटतात, फक्त डाव संपल्यावर ती परत एकत्र येतात. ही आली नाहीत. एक वाटा पुण्यात फ्रेममध्ये आहे, एक दुबईला गेला, तिसरा कुठे आहे हे विचारायची सोय उरलेली नाही.

म्हणून सर्वांना एक विनंती. तुमच्या जुन्या घरात अशी पेटी असेल तर ती फोडू नका. एक पान हरवले तर खेळ अडतो आणि अर्धी पेटी कितीही देखणी असली तरी तिचा इतिहासही अर्धाच. पेटी कोणाची, कोण खेळायचे, कोणत्या सणाला निघायची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहा आणि तो कागद पेटीतच ठेवा. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला वस्तूचे वय सांगता येईल, पण तुमच्या आजीने कोणाला हरवले हे त्याला कुठून कळणार? आणि शंभर वर्षांवरची कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, खासगी व्यक्तीला ती परदेशी नेता येत नाही. परदेशातल्या मित्रांनी नवी पेटी न्यावी, ती राजवाड्यात मिळते.

पुढच्या मेळाव्याला मी एक पेटी घेऊन येणार आहे. नियम एका कागदावर लिहून आणतो. ज्या सरांनी आपले पत्ते जप्त केले होते, त्यांना मानाची जागा. मेळावा दिवसाचा आहे, तेव्हा उतारी रामवाल्याची.