काय काम करता?

माझ्या लहानपणी सोलापुरात आमच्या घराचा दिवस सुपाभोवती फिरायचा. अम्मी तेंदूची पानं कापायची, चिमूटभर तंबाखू घालून विडी वळायची, दोरा बांधायची. मजुरी हजारावर मिळे, म्हणून हात थांबत नसे. रात्री तिचा अंगठा आखडायचा. कोमट तेल चोळत ती म्हणायची, "वात आहे, जाईल." दवाखान्यातूनही वाताच्याच गोळ्या मिळत. दिवसभर हे हात काय करतात, असं तिला कुणी विचारलं नाही.

हा प्रश्न विचारावा, असं तीनशे वर्षांपूर्वी एका इटालियन वैद्यानं सांगून ठेवलं होतं. त्यांचं नाव बर्नार्दिनो रामाझ्झिनी. १७०० मध्ये त्यांनी कामकऱ्यांच्या आजारांवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायचे प्रश्न हिपोक्रेटिसपासून ठरलेले होते. त्यांत रामाझ्झिनींनी एकाची भर घातली : तुम्ही काय काम करता? १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली : सततची बैठक, हाताची एकसारखी न थांबणारी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा तो डाव्यानं लिहायला शिकला. पुढे डाव्यालाही तेच दुखणं जडलं.

मग तारयंत्र आलं. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारबाबूंच्या हाताचे पेटके नुकसानभरपाईच्या यादीत आले. पण १९११ च्या सरकारी समितीनं थकव्याच्या जोडीला कर्मचाऱ्याच्या मज्जातंतूंच्या दुबळेपणावरही बोट ठेवलं. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांचे हात मोठ्या संख्येनं दुखू लागले. तेव्हाही दुखणं खरं की मनाचं, हा वाद झालाच.

बी. ए. होऊन मी १९९० च्या दशकात एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवू लागलो. टाइपरायटरवर ओळ संपली की कॅरेज सरकवावं लागे, पान संपलं की कागद बदलावा लागे. हाताला तेवढीच उसंत. संगणकानं तीही नेली. काही वर्षांत माझी बोटं बधिर होऊ लागली, रात्री मुंग्यांनी जाग येई. मनगटातल्या अरुंद वाटेनं बोटं वाकवणाऱ्या कंडरा आणि एक महत्त्वाची नस जाते. तिथं सूज आली की नस दबते. एकच हालचाल पुन:पुन्हा केल्यानं होणाऱ्या इजांपैकी ही एक.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "काय काम करता?" मला अम्मी आठवली.

मनगट सरळ ठेवा, खुर्ची नीट घ्या, मधूनमधून हात थांबवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला महिन्याचा पगार होता, म्हणून हात थांबवता आला. ज्याची मजुरी नगावर, त्याला थांबण्याचे पैसे कोण देणार? औषधाची चिठ्ठी इथं संपते आणि मालकाचं काम सुरू होतं.

अम्मीचा अंगठा शेवटपर्यंत सरळ झाला नाही. तुमच्या घरी कुणी "वात आहे" म्हणत हात चोळत असेल, तर तेलाची वाटी जरूर पुढे करा. पण आधी विचारा, दिवसभर हे हात काय करतात?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)