कलकत्त्याचं इमान

परवा नातवाने मोबाईलवर नागपूर आणि कलकत्ता या दोन विमानतळांमधलं अंतर काढून दाखवलं. सरळ रेषेत साधारण 980 किलोमीटर. मी पट्टी घेऊन नकाशावर रेघ ओढली, तर ती थेट आमच्या भंडाऱ्याजवळून गेली! मग लहानपणी रात्री डोक्यावरून घरघरत जाणारं विमान आठवलं. आई झोपेतच म्हणायची, "कलकत्त्याचं इमान गेलं बाबू."

आजच्या मुलांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. जानेवारी 1949 मध्ये, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीनंतर चारही विमानं नागपूरला सोनेगावात जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. नागपूरच का? तर मुंबई 680 किलोमीटर, दिल्ली 850, मद्रास 900 च्या थोडं वर. सगळ्यांना जवळपास सारखंच लांब! सुरुवातीच्या डाकोटा विमानाला कलकत्त्याहून साडेतीन-पावणेचार तास लागत असतील. त्याच वर्षी एप्रिलपासून साधं पत्रसुद्धा जादा तिकीट न लावता विमानाने जाऊ लागलं.

आमच्यासाठी गंमत अशी, की कलकत्त्याचं पत्र आमच्या कौलांवरून नागपूरला जायचं आणि तिथून साठ किलोमीटर मागे आमच्याकडे यायचं. या उलट्या प्रवासातच एक दिवस मोडायचा. असो.

थोरला दादा तेव्हा कलकत्त्याला एका कंपनीत कारकून होता. 1966 च्या पावसाळ्यात बाबांचं दुखणं एकाएकी वाढलं. मंगळवारी मी सायकलने तारऑफिसात जाऊन दादाला तार केली. रात्रीच्या त्या विमानात माणसांनाही जागा असे. पण दादाजवळ विमानाच्या तिकिटाचे पैसे कुठले? आगगाडीच्या भाड्यासाठीच त्याला शेजाऱ्यापाशी हात पसरावा लागला, त्यात बुधवार उजाडला.

बाबा मंगळवारी रात्रीच गेले. त्या रात्रीही विमान गेलं. आई काही बोलली नाही.

बुधवारी दुपारी वैनगंगेवरून परतलो तर ओट्यावर दादाचं आंतर्देशीय पत्र पडलेलं. तार मिळण्याआधी, सोमवारी टाकलेलं. त्यात लिहिलं होतं, "दिवाळीला येतो, बाबांना धोतरजोडी आणतो."

गुरुवारी सकाळी दादा भंडारा रोड स्टेशनावर उतरला. त्याला आणायला मीच गेलो होतो. वरठीपासून घरापर्यंत टांग्यात त्याने एकच विचारलं, "माझं पत्र मिळालं का रे?"

मी "हो" म्हणालो. कधी मिळालं, ते मात्र सांगितलं नाही.

सत्तरच्या दशकात ती रात्रीची विमानं बंद झाली. दादा पुढे नागपूरला बदली करून आला, पण विमानात तो आयुष्यभर बसला नाही.