लेकरं तीन, गाडी एक: ढोकीच्या एका घरासाठी जुनी व्हॅन शोधताना

मागच्या भागात सांगितलं होतं की यावेळी तेरच्या प्राचीन व्यापाराबद्दल बोलणार. ते बोलणारच आहे, पण वाट जरा वाकडी आहे. झालं असं, की ढोकीहून माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, आता भागंना झालंय. एखादी जुनी सात सीटची गाडी बघ की पुण्यात."

घरात आई-अण्णा, हा आणि वहिनी, एक सहा वर्षांची मुलगी, आणि गेल्या वर्षी जुळे झाले. एकूण सात. दारात एक मोटरसायकल आणि पाच सीटची एक जुनी छोटी गाडी. लातूरला लेकरांच्या डॉक्टरांकडे जायचं तर दोन खेपा, नाहीतर अण्णा एसटीनं. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला जायचं म्हटलं की गाडी कुणाची मागायची इथून भांडण सुरू. अण्णांचा गुडघा दुखतो, त्यामुळे उंच पायरीची गाडी नको. बजेट पाच लाखांच्या आसपास, एखादा हप्ता बसला तर बसू दे.

म्हटलं, बघतो. बघायला लागलो आणि लक्षात आलं की बाजारात उभी असलेली प्रत्येक जुनी गाडी म्हणजे कुठल्या तरी सरकारी निर्णयाचं किंवा कंपनीच्या हिशोबाचं उरलेलं पोर आहे. मग इतिहासाचा किडा वळवळला. आजचा भाग त्याचाच.

तर आधी तेर. ढोकीपासून हाकेच्या अंतरावरचं हे गाव. संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून आपल्याला माहीत. त्याच्याही हजार-बाराशे वर्षं आधी ते तगर नावानं जगाला ठाऊक होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं एक व्यापारी पुस्तक आहे. त्यात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून येतं. तिथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात नेत, असंही तो लेखक सांगतो. गाड्या म्हणजे अर्थात बैलगाड्या. या भागात 'माल आणि माणसं एका गाडीत बसवून लांब न्यायची कशी' हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे, एवढंच मला सांगायचंय.

मग मधली बरीच शतकं सोडून थेट रेल्वेवर येतो. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली, अडीच फुटांची नॅरो गेज. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला. लातूरकडच्या फाट्यावर ढोकी स्टेशन. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि ढोकी निजामाच्या राज्यात, म्हणजे ही छोटी गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायची. आमच्या अण्णांच्या पिढीला कुटुंबासकट प्रवास म्हणजे हीच गाडी. ट्रंक, वळकटी, दशम्यांचं गाठोडं. घराची अशी गाडी फार थोड्यांकडे, बाकीच्यांची बैलगाडी.

आता मोटारीकडे. महाराष्ट्राच्या खेड्यात 'व्हॅन' हा शब्द यायच्या आधी 'मॅटाडोर' हा शब्द आला. पुण्याच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे फिरोदियांच्या कंपनीनं, जर्मन टेम्पो कंपनीच्या जोडीनं आधी तीनचाकी काढली आणि मग मॅटाडोर. ती इतकी रुळली की पुढं कुठल्याही कंपनीच्या तशा गाडीला लोक मॅटाडोरच म्हणायला लागले. वऱ्हाड मॅटाडोरनं, भाजी मॅटाडोरनं, पेशंटही मॅटाडोरनंच. पण ती घरची गाडी नव्हती, भाड्याची होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

घरची व्हॅन आली १९८४ साली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, आणि पाठोपाठ मारुती व्हॅन. हिलाच १९८८ पासून ओम्नी म्हणायला लागले. मुळात ही जपानमधली सुझुकी कॅरी. इंजिन तेच ८०० चं, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पण बसवलेलं पुढच्या सीटच्या खाली. म्हणून नाक नाही, डबा सगळा माणसांसाठी. म्हणूनच उन्हाळ्यात ड्रायव्हरची बूड भाजायची.

गंमत बघा, १९८४ हे साल जगभर व्हॅनचं साल आहे. अमेरिकेत क्रायस्लरच्या मिनीव्हॅन त्याच मॉडेल वर्षाच्या, फ्रान्समध्ये रेनॉची एस्पास त्याच साली. तिकडे सगळ्यांनी एकच हिशोब केला होता: मध्यमवर्गी घर, दोन-तीन मुलं, सुट्टीत लांबचा प्रवास. आपल्याकडे मात्र व्हॅन घरात कमी आणि धंद्यात जास्त गेली. रुग्णवाहिका, शाळेची गाडी, दूधवाला, केटरर. आणि हिंदी सिनेमातले अपहरणकर्ते, सरकत्या दरवाज्याच्या कृपेनं.

का? मला वाटतं दोन कारणं. एक म्हणजे आपल्याकडे ज्या घरांत माणसं जास्त, त्या घरांत गाडी घ्यायला पैसे कमी, आणि ज्यांच्याकडे पैसे त्यांना डब्यासारखी गाडी नको होती, 'बोनेटवाली' हवी होती. दुसरं डिझेल. पेट्रोलचा भाव २०१० साली सरकारनं मोकळा सोडला, डिझेलचा थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये. तोवर डिझेल बरंच स्वस्त. मग लांब पल्ल्याला आणि भाड्याला डिझेलच परवडायचं. त्यामुळे आपल्या भागात खरी 'कुटुंबाची मोठी गाडी' झाली ती टाटा सुमो. १९९४ ची, पुण्याची, सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन नाव ठेवलेली. मग टोयोटाची क्वालिस २००० साली. ती जोरात खपत असताना कंपनीनं २००५ मध्ये बंद केली आणि इनोव्हा आणली. आणि शेवरोलेची टवेरा. या गाड्या घरच्याही होत्या आणि काळी-पिवळीच्या रांगेतही होत्या, आणि जुन्या बाजारात दोन्ही एकमेकांशेजारी उभ्या राहतात, धुऊन पुसून, सारख्याच दिसतात.

आता या इतिहासाचा भावाला उपयोग काय, ते सांगतो. आम्ही एकूण तीन गाड्या बघितल्या.

पहिली ईको, एमएच-२५ पासिंग, २०१३ ची. ओम्नीची वारस, २०१० पासूनची, १२०० सीसीची. ओम्नी स्वतः २०१९ मध्ये बंद झाली. सुरक्षेचे नवे नियम आणि पुढच्या वर्षी येणारं बीएस-६ तिच्या डब्याला झेपणारं नव्हतं. ही ईको सव्वादोन लाखांत मिळत होती. वहिनीला सरकते दरवाजे फार आवडले, दोन्ही हातांत एकेक लेकरू असताना पायानं ढकलता येतात म्हणे. अण्णांनाही पायरी खाली. मीही जवळजवळ हो म्हणालो होतो. मग मधलं बाकडं हलवून खाली बघितलं तर पत्र्यावर जास्तीच्या बोल्टची भोकं. म्हणजे कधीतरी आत आणखी एक बाकडं ठोकलेलं. गाडी शाळेच्या खेपा मारून आलेली. मालक म्हणाला, "घरचीच आहे हो." असेल. घरचीच गाडी शाळेला लावलेली.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. २०१६ साली ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या काही गाड्या धडकवून बघितल्या, त्यात एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले होते. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. म्हणजे त्याच्या आधीच्या स्वस्त गाड्यांत ती बहुतेक नसतेच. आणि हा भाऊ आठवड्याला लातूर रोडवर जाणार, उसाच्या हंगामात, रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्यांमधून. ढोकीला राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तेरणा कारखाना कित्येक वर्षं बंद होता तरी त्या रस्त्यावर ऊस होताच, फक्त दुसऱ्या कारखान्यांकडे चाललेला.

दुसरी टवेरा. अण्णांची आवडती, कारण त्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांनी एकेकाळी हीच घेतली. ऐसपैस, पाटे मजबूत, डिझेल. पण २०१३ साली कंपनीनंच एक लाख चौदा हजार टवेरा परत बोलावल्या होत्या, धुराच्या नियमात न बसल्यामुळे. आणि २०१७ च्या शेवटी कंपनीनं भारतात गाड्या विकणंच थांबवलं. पार्ट मिळतात, नाही असं नाही. पण कुठला खरा आणि कुठला नक्कल, हे सांगणारा मिस्त्री ओळखीचा हवा. शिवाय शेवटच्या रांगेत आडवी, समोरासमोरची बाकडी होती. वऱ्हाडाला ठीक. दीड वर्षाच्या लेकराची सीट तिथं बांधायची कशाला? पट्टाच नाही. अण्णा म्हणाले, "आम्ही तुम्हाला मांडीवर घेऊनच वाढवलं." खरंय. पण तेव्हा गाड्या चाळीसनं चालायच्या.

इथं एक आडवा मुद्दा, पण सांगतोच. सात सीटची छोटी गाडी आपल्याकडे इतकी दुर्मीळ का, याचं एक उत्तर २००६ च्या अर्थसंकल्पात आहे. चार मीटरच्या आतली, आणि पेट्रोलची असेल तर १२०० सीसीपर्यंतची गाडी 'छोटी' धरून तिच्यावरचा अबकारी कर कमी केला. झालं, सगळ्या कंपन्या चार मीटरची पट्टी घेऊन बसल्या. त्यात पाच माणसं नीट बसतात, सात कोंबावी लागतात. रेनॉच्या ट्रायबरनं २०१९ मध्ये ते बऱ्यापैकी जमवलं, २०२१ च्या चाचणीत मोठ्यांसाठी चार तारेही मिळवले, पण जुन्या बाजारात ती अजून आमच्या बजेटच्या वरच घुटमळते. नाशिकला बनलेली महिंद्राची मराझ्झो मला स्वतःला आवडते, तीही चार तारेवाली. पण तीही बजेटच्या वर, आणि फारशी खपली नाही, तेव्हा धाराशिवमध्ये तिचं काम करणारा शोधा म्हणजे झालं.

तिसरी अर्टिगा. २०१२ ला आलेलं मॉडेल, आम्ही बघितली ती २०१५ ची डिझेल, एमएच-१२. साडेचार लाख. हिच्या नंतरच्या पिढीला २०१९ मध्ये तीन तारे मिळाले. ही आधीची, तेव्हा तो आकडा हिला लावता येणार नाही, हे मी भावाला स्पष्ट सांगितलं. पण दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलं व्हेरिएंट होतं, आणि मधल्या रांगेत लेकरांच्या दोन सीट पट्ट्यानं नीट बसल्या. आम्ही सीट सोबत नेऊन बसवून बघितल्या. विकणारा हसत होता. हसू दे. तिसऱ्या रांगेत मुलगी आणि आजी बसतात, अण्णा पुढं. सरकता दरवाजा नाही, ही वहिनीची तक्रार कायम आहे.

पण गाडी अजून ढोकीत आलेली नाही. का ते सांगतो, कारण हा भाग मुळात याच्यासाठी केलाय.

विकणारा म्हणाला, पैसे द्या, गाडी न्या, नाव पुढच्या महिन्यात करू. आरसी बघितली तर मालक तो नव्हताच. त्याच्या आधीच्या माणसाचं नाव, आणि खाली बँकेचा बोजा. कर्ज फिटलेलं, पण बोजा उतरवलेला नाही. मधल्या माणसानं गाडी घेतली, दीड वर्ष वापरली, कागद तसेच.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५०: त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव करून घ्यायचं. फॉर्म २९ आणि ३०. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. पुण्याहून धाराशिवला आणायची तर आधीच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा.

आणि नाही केलं तर? फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार असा निकाल लागला. गाडी एकामागून एक हातांत फिरलेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी कोर्टानं आरसीवर नाव असलेल्या माणसावर ठेवली, गाडी त्यानं कधीच विकलेली असताना. म्हणजे ते पुण्यातले गृहस्थ, ज्यांचं नाव या अर्टिगावर आहे, ते आज कुणाच्या तरी चुकीला बांधलेले आहेत आणि त्यांना बहुधा पत्ताही नाही.

आम्ही त्यांचा फोन शोधून काढला. निवृत्त शिक्षक निघाले. ऐकून घाबरलेच. मग म्हणाले, मी स्वतः बँकेत जातो. गेलेही. टोकन म्हणून दहा हजार दिलेत, त्याची सहीची पावती घेतलीय, बाकी पैसे बोजा उतरल्यावर आणि फॉर्मवर त्यांच्या समोर सह्या झाल्यावर. मधला माणूस नाराज आहे. त्याचं म्हणणं, एवढे कागद करत बसलं तर धंदा कसा होणार.

भावाला घाई आहे. येडेश्वरीची यात्रा तोंडावर आलीय आणि वहिनीनं माहेरी सांगून टाकलंय की यावेळी सगळे एका गाडीत येणार. काल परत फोन आला, "दादा, झालं का?" म्हटलं, बँकेचं पत्र सोमवारी मिळतंय. तोवर दोन खेपा कर.

पुढच्या भागात खरंच तेर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात काय काय ठेवलंय ते सांगतो, आणि जमलं तर ढोकीहून तिकडे कशानं गेलो तेही.