हिशेबखात्यातील ध्यान

बाळकुमात ज्यांनी माझी मास्तरकी सोसली, ते हा विषय माझ्या तोंडून ऐकून हसतील. चित्ताची शांती आणि आमचे शिक्षकपण यांचा फारसा संबंध नव्हता. फळ्याकडे पाठ वळताच कोणी खुसपुसले की माझा हात आधी उठे आणि विचार मागाहून येई. उठणारा हात आणि येणारा विचार यांतील क्षणभराचे अंतर वाढविता येते काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर, नवल असे की, एका हिशेबखात्यातून आले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशातील गृहस्थ साधे कारकून म्हणून सरकारी नोकरीस लागले. १९३७ साली त्यांनी विपश्यनेची साधना आरंभिली. पुढे १९४८ च्या जानेवारीत देश स्वतंत्र झाला तेव्हा ते महालेखापाल झाले. संन्यास घेऊन रानात जाणे त्यांनी पत्करले नाही. १९५० मध्ये आपल्याच कचेरीत त्यांनी साधकांचे मंडळ स्थापिले आणि १९५२ त रंगूनला ध्यानकेंद्र उघडले. श्वास येतो-जातो तो पाहावा, अंगावर उमटणाऱ्या संवेदना पाहाव्या, आणि त्यांवर राग वा लोभ न धरावा, इतकीच ही विद्या. परंतु दिवसभर दुसऱ्याच्या आकड्यांतील चूक हुडकणाऱ्या माणसास आपल्या मनातील चूक पाहावयास लावणे ही सोपी गोष्ट नव्हे.

त्यांच्याकडे १९५५ साली मंडालेचे एक तरुण उद्योगपती आले, सत्यनारायण गोएंका. जन्म १९२४ चा. त्यांना अर्धशिशीचा असा विकार होता की वेदनेसाठी मॉर्फिन घ्यावे लागे, आणि परदेशीच्या वैद्यांनीही हात टेकले होते. डोकेदुखी बरी करण्यासाठीच यावयाचे असेल तर येऊ नका, असे गुरूंनी त्यांना बजाविले. मला या प्रसंगाचे फार महत्त्व वाटते. आज मोठमोठ्या कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांस ध्यान शिकवितात, ते काम अधिक उपसावे म्हणून की माणूस निवळावा म्हणून, हे विचारण्याचा अधिकार त्या जुन्या महालेखापालांनी आपणांस देऊन ठेविला आहे.

गोएंका १९६९ त भारतात आले व त्याच वर्षी मुंबईस त्यांचे पहिले शिबिर झाले. १९७५ मध्ये राजस्थानचे गृहसचिव रामसिंह यांनी जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात शिबिर भरविले. बेड्या घातलेल्यांना धर्म कसा शिकवू, असे म्हणून गोएंका अडून बसले आणि बेड्या काढाव्या लागल्या! अधिकाऱ्याने नियमांपुढे माणूस पाहिला, हे येथील खरे मर्म. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी सुरू झाले. आमच्या ठाण्याहून कसाऱ्याचा घाट चढला की ते येते. पहाटे चारला घंटा होते, दिवसातून सुमारे दहा तास बैठक असते, दहा दिवसांच्या शिबिरात बहुतेक काळ मौन असते, आणि शुल्क म्हणून कोणी काही मागत नाही. महाराष्ट्र शासनाने आपल्या अधिकाऱ्यांस या शिबिरासाठी रजेची सवलतही दिली.

रजेच्या अर्जावर सही करणारा वरिष्ठ स्वतः तेथे गेला आहे काय, हे मात्र अर्जात लिहिण्याची सोय नाही. माझ्यापुरते सांगावयाचे तर, जाण्याचा बेत ठरला आहे. आणि दहा दिवस मी बोलल्यावाचून राहीन की नाही, यावर घरात पैज लागली आहे.